हे वापरू की टाकू? तारीख उलटलेला रवा, जुनी भगर आणि कीड लागलेली डाळ

घट बसायच्या आधी घरोघरी डबे, बरण्या, फडताळं आवरायला निघतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत येतो : हे वापरू की टाकू? त्यातल्या निवडक पत्रांना धान्यसाठवण आणि अन्नसुरक्षा या विषयांतल्या जाणकारांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : आवरताना रव्याची दोन पाकिटं सापडली. एकाची तारीख उलटून दोन महिने झालेत, पण ते फोडलेलं नाही. दुसऱ्याला अजून चार महिने आहेत, पण ते जूनमध्ये फोडून रबर लावून ठेवलं होतं. कोणतं टाकू?
— एक वाचक, पुणे

न फोडलेलं पाकीट बहुधा चांगलं निघेल. शंका घ्यायची ती जूनमध्ये फोडलेल्या पाकिटाची. पाकिटावरची तारीख बंद पाकिटापुरती असते. ते फोडलं की तो हिशेब संपला. पावसाळ्यात हवा दमट असते, रबर लावलेल्या तोंडातून ती ओल आत शिरते आणि रवा ती शोषून घेतो. म्हणून पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख लिहायची सवय लावा. छापील तारखेपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

आता छापील तारखेचा अर्थ. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, वास, पोत जसा हवा तसा राहील. त्यानंतरही पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर दर्जा आणि सुरक्षितता या दोन्हींची खात्री नाही आणि तो माल विकायचा नाही. एफएसएसएआय या केंद्रीय प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनी ‘एक्सपायरी/यूज बाय’ छापणं सक्तीचं केलं आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवलं. त्यामुळे पनीर आणि रवा दोन्हींवर एकच शब्द दिसतो, पण धोका सारखा नसतो. पनीर किंवा मांसावरची तारीख उलटली की विषय संपला. कोरड्या जिनसांच्या बाबतीत घरी पारख करायला थोडी जागा आहे. दुकानदार मात्र उलटलेल्या तारखेचं पाकीट स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ते कुठे, कसं ठेवलं होतं हे तुम्हाला ठाऊक नसतं.

कोरडा माल बिघडतो तो दोन वाटांनी. एक ओल. धान्यात १२-१३ टक्क्यांपर्यंत पाणी असेल तर बुरशीला वाढता येत नाही. ते १४-१५ टक्क्यांपुढे गेलं की ती हळूहळू धरते. दुसरी वाट तेलाची. पदार्थात तेल जितकं जास्त आणि दळण जितकं बारीक, तितका तो लवकर खवट होतो, कारण दळल्यावर तेलाला हवा लागते. म्हणूनच साखर, मीठ आणि पांढरा तांदूळ वर्षानुवर्षं टिकतात, रवा-मैदा-शेवया काही महिने, कणीक आणि बेसन त्याहून कमी, आणि दाण्याचं कूट, खोबरं, जवस, हातसडीचा तांदूळ, बाजरीचं पीठ सगळ्यांत आधी जातं.

रव्याची पारख अशी करा. दिवसाउजेडी पसरट ताटात ओता. रव्याचे कण एकमेकांना धाग्यांनी चिकटून लोंबत असतील तर ती पाखराच्या अळीने केलेली जाळी आहे. गुठळी दिसली तर दोन बोटांत दाबा : कोरडी असेल तर लगेच भुगा होते, तिची काळजी नाही. ती चिवट, ओलसर लागली किंवा आतून हिरवट, करडी, काळी दिसली तर सगळं पाकीट टाका. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला की थांबा. पुन्हा हुंगून किंवा चाखून बघायचं नाही.

नजरेला ठीक वाटलं तर वाटीत दोन चमचे रवा घ्या, त्यावर कडकडीत गरम पाणी बुडेल इतकं घाला, झाकण ठेवा आणि पाच मिनिटांनी झाकण काढताक्षणी हुंगा. कोरड्या रव्यात लपलेला खवटपणा वाफेबरोबर वर येतो. गव्हाचा साधा, किंचित गोडसर वास आला तर रवा चांगला आहे. जुन्या, वापरलेल्या तेलासारखा किंवा रंगीत खडूंच्या डब्यासारखा वास आला तर तो खवट आहे.

पास झालेला रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. भाजल्याने किडीची अंडी मरतात. गरम भरला तर वाफ झाकणाला लागून पाणी होतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

मर्यादा विचाराल तर : न फोडलेला रवा, मैदा, शेवया या पारखीला उतरल्या तर तारखेनंतर दोन-तीन महिने, कणीक आणि बेसन फार तर महिनाभर. त्यापुढे वापरायचा सल्ला आम्ही देणार नाही.

प्रश्न : आषाढीला आणलेली सुटी भगर दीड-दोन किलो उरली आहे. नवरात्रात वापरली तर चालेल का? भगरीने विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, म्हणून भीती वाटते.
— एक वाचक, बीड

ही भगर वापरू नका. सुटी आणलेली, पॅकिंगची तारीख ठाऊक नाही आणि मधे सगळा पावसाळा गेलेला. तीन कारणांपैकी एकही पुरेसं होतं.

भगरीचा दाणा अगदी बारीक. वजनाच्या मानाने त्याला पृष्ठभाग फार, दाण्यांमध्ये कोंडा आणि धूळ अडकलेली, त्यामुळे ओल लागली की बुरशी झपाट्याने पसरते. ॲस्परजिलस कुळातली ही बुरशी विषारी द्रव्यं तयार करते. ती तयार झाल्यावर भगर धुतली, भाजली, शिजवली तरी पूर्ण जात नाहीत. खाल्ल्यावर काही तासांतच मळमळ, उलट्या, जुलाब, गरगरणं, हातपाय थरथरणं, थंड घाम असा त्रास सुरू होतो. उपासाला पीठ जास्त घातक ठरतं, कारण दळलेल्या पिठात बुरशी डोळ्यांना दिसतच नाही आणि पीठ ओलही लवकर धरतं. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र यांच्या तोंडावर मागणी एकदम वाढते आणि गोदामातला जुना मालही बाजारात येतो. म्हणूनच राज्याचं अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ टाळायला सांगतं.

भगर घ्यायचीच तर पाकीटबंद, पॅकिंगची ताजी तारीख आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक बघून, आणि लागेल तेवढीच घ्या. चार माणसांच्या एका वेळच्या जेवणाला पाव किलो पुरे होते. घरी आणल्यावर निवडून, तीन-चार पाण्यांनी धुवा. पीठ हवं असेल तर धुतलेली भगर कापडावर कडक वाळवून त्या दिवसापुरतीच मिक्सरला फिरवा.

शिजवलेली भगर हा वेगळा विषय, पण तितकाच महत्त्वाचा. सकाळी करून संध्याकाळच्या फराळापर्यंत ओट्यावर ठेवलेल्या भगरीत भातासारखेच जंतू वाढतात. दोन तासांत संपवा, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. गावात महाप्रसाद करताना मोठ्या पातेल्यात दाबून भरलेली भगर आतून तासन्‌तास कोमट राहते. ती पसरट परातींत काढून गरम गरमच वाढावी.

एकाच घरात दोघा-तिघांना एकदम त्रास सुरू झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेली भगर किंवा पाकीट डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या.

प्रश्न : शेंगदाण्यांत काही दाणे काळपट, सुरकुतलेले आहेत. खोबऱ्याच्या वाट्यांवर हिरवट-काळी पूड दिसते. दाणे खरपूस भाजले आणि खोबरं वरून खरवडून घेतलं तर चालेल ना? आमच्याकडे पूर्वीपासून असंच करतात.
— एक वाचक, सोलापूर

नाही चालणार, आणि या उत्तरात आम्ही सूट देणार नाही.

शेंगदाणे, मका, खोबरं, सुकी मिरची, जायफळ यांवर वाढणारी पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. भाजल्याने ते काही प्रमाणात कमी होतं, संपत नाही. पूर्ण नष्ट व्हायला साधारण २५० अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. घरातला कुकर १२० अंशांपर्यंत जातो. कढईत तितकं तापवाल तोवर दाण्यांचा कोळसा होईल. खरवडून उपयोग नाही, कारण दिसते ती पूड म्हणजे बुरशीची बीजं. तिचे तंतू खोबऱ्याच्या आत गेलेले असतात आणि विष त्यांच्याही पुढे झिरपलेलं असतं.

हे विष एकदम खूप पोटात गेलं तर काय होतं, ते १९७४ साली दिसलं. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका आदिवासी कुटुंबांना खावा लागला. कावीळ आणि जलोदर होऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. आपल्या घरांत प्रकार निराळा असतो : थोडं थोडं, वर्षानुवर्षं. दुसऱ्या दिवशी पोट दुखत नाही, ताप येत नाही. पण यकृताच्या कर्करोगाशी या विषाचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला धोका कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे ‘इतकी वर्षं खाल्लं, काही झालं नाही’ हा पुरावा इथे लागू पडत नाही.

करायचं काय? किलोभर दाण्यांत चार-दोन खराब दिसत असतील तर बाकीचे वाचवता येतात, कारण विष सगळीकडे सारखं नसतं. ते मोजक्या खराब दाण्यांत एकवटलेलं असतं. दाणे पांढऱ्या कापडावर एका थरात पसरा. सुरकुतलेले, काळपट, फुटके, टरफलाखाली डाग असलेले, दोन पाकळ्यांच्या मधे करडी लव असलेले सगळे काढून टाका. कूट करण्याआधी हे व्हायला हवं. कूट झाल्यावर एक खराब दाणा सगळीकडे मिसळतो. खाताना एखादा दाणा कडू लागला तर थुंका, गिळू नका. मूठभर दाण्यांत पाच-सहा खराब निघाले किंवा डबा उघडताच कुबट वास आला तर निवडत बसू नका, सगळे टाका. बुरशी आलेली खोबऱ्याची वाटी तर सबंध टाका.

मिरचीबद्दल कुणी विचारलं नाही, पण ती इथेच येते. सुकी मिरची बाहेरून लालभडक असते आणि बुरशी आत, देठाजवळ, बियांभोवती बसलेली असते. मसाला करायच्या आधी किलोतल्या आठ-दहा मिरच्या उभ्या फाडून बघा. आत करडी लव किंवा काळ्या बिया दिसल्या तर तो माल परत करा.

प्रश्न : तूरडाळीत पोरकिडे आणि मटकीला भुंगा लागला आहे. चाळून, ऊन दाखवून वापरता येईल का?
— एक वाचक, जळगाव

डाळ बहुधा वाचेल. मटकी किती पोखरली आहे ते बघावं लागेल.

कीड माणसाला सहसा रोग देत नाही. पण तिची विष्ठा, कात आणि मेलेले किडे धान्यात उरतात, त्याने युरिक ॲसिड वाढतं आणि कडवट चव येते. मटकी, चवळी, मूग यांचा भुंगा दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी घालतो, अळी दाण्याच्या आत वाढते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा दाणा आतून खाऊन झालेला असतो, आणि ठिपके असलेल्या दाण्यांत पुढची पिढी तयार होत असते. मटकीचे शंभर दाणे मोजा. तीन-चारांना भोकं असतील तर पाण्यात घाला, तरंगतील ते काढा, बाकीची भिजवून मोड आणा. त्याहून जास्त असतील तर टाकून द्या.

ऊन उपयोगी आहे, पण अर्धवट. किडे पळतात, दाण्याच्या आतली अंडी-अळ्या मात्र राहू शकतात. ऊन द्यायचं तर काळ्या प्लॅस्टिकवर बोटभर जाडीचा थर, अकरा ते चार, मधे दोनदा हलवून. आणि सावलीत पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. त्याहून खात्रीचा उपाय डीप फ्रीझरचा : किलोकिलोच्या घट्ट बंद पिशव्या उणे १८ अंशांत चार दिवस. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो, तिथे दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी रात्रभर तशीच बंद राहू द्या, नाहीतर गार धान्यावर हवेतलं पाणी साचेल.

पिठाचं मात्र वेगळं. पिठात लालसर-तपकिरी, चपटे, तीन-चार मिलिमीटरचे किडे फार झाले की ते क्विनोन नावाची द्रव्यं सोडतात. पीठ गुलाबीसर दिसतं आणि झणका वास येतो. ते चाळून शुद्ध होत नाही. तसंच पिठाची धूळ आपोआप हलल्यासारखी वाटली तर त्यात माइट असतात, किड्यांहून कितीतरी बारीक. काळ्या कागदावर पिठाची छोटी टोकदार ढेरी करा. अर्ध्या तासात ती स्वतःहून सपाट होऊ लागली तर पीठ टाका. घरातल्या धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाला असं पीठ शिजवून खाल्लं तरी गंभीर ॲलर्जी येऊ शकते.

प्रश्न : गव्हात पारद टिकड्या, तांदळाला बोरिक पावडर असं आम्ही करतो. कुणी दुकानातल्या ‘गॅसच्या गोळ्या’ ठेवायला सांगितल्यात. यांत काय चांगलं?
— एक वाचक, सांगली

तिन्ही नकोत. गॅसच्या गोळ्या तर घरात आणूच नका, आणल्या असतील तर हे वाचून होताच हालचाल करा.

त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे खाली झोपलेल्या माणसांच्या उंचीवर. त्याला उतारा नाही. गोदामं मोकळी करून, ताडपत्रीने बंद करून प्रशिक्षित माणसांनीच वापरायचं हे द्रव्य आहे, घरगुती वापराला परवानगी नाही. गोळ्या धान्यात टाकल्या असतील तर दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, डब्याला हात लावू नका आणि पेस्ट कंट्रोलच्या परवानाधारक माणसाला बोलवा. डोकेदुखी, मळमळ, छातीत दडपण, धाप यांपैकी काहीही जाणवलं तर थेट रुग्णालय.

पारद टिकडीत पारा असतो. तो साध्या तापमानालाही वाफ होऊन सुटतो आणि टिकडी फुटून दळणात गेली तर पिठात मिसळतो. बोरिक पावडर अन्नात घालायला आपल्याकडे परवानगीच नाही. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना ती विशेष अपायकारक. तिने माखलेला तांदूळ धुऊन सगळी पावडर निघेल याची खात्री देता येत नाही. आधीच लावली असेल आणि तांदूळ टाकणं परवडत नसेल तर पाच-सहा पाण्यांनी धुवा, भरपूर पाण्यात शिजवा आणि ते पाणी वेळून टाका. मुलांच्या ताटात मात्र तो वाढू नका.

चांगला आणि जुना उपाय एरंडेलाचा. किलोला एक ते दोन चमचे एरंडेल हातावर घेऊन गहू किंवा तूरडाळ नीट चोळा. तेलाचा पातळ थर अंड्यांना हवा मिळू देत नाही. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला. ओला पाला धान्याला ओल देतो. बिब्बे घालणाऱ्यांनी मोजून घालावेत आणि दळणाआधी मोजून काढावेत. एक बिब्बा जात्यात गेला तर घरभर सगळ्यांना उततो.

प्रश्न : तीन वर्षांचा राजमा कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी शिजत नाही. अर्धवट शिजला तर चालतो का?
— एक वाचक, नागपूर

अर्धवट शिजलेला राजमा कधीच खाऊ नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत उलट्या घडवू शकतात.

उष्ण-दमट हवेत पडून राहिलं की कडधान्याच्या पेशींना सांधणारं पेक्टिन कॅल्शियमशी घट्ट बांधलं जातं आणि शिजताना सुटत नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात कॅल्शियम आणखी मिळतं. शेवटचा प्रयत्न असा : एक वाटी राजम्याला पाव चमचा खायचा सोडा घालून मऊ पाण्यात बारा तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात उघड्यावर दहा मिनिटं खळखळ उकळा आणि मग कुकरला लावा. टोमॅटो, चिंच, आमसूल दाणा बोटाने चिरडला जाईपर्यंत घालू नका. चाळीस मिनिटांनंतरही मधे कणी राहिली तर टाका. राजमा नुसत्या मंद आचेवर किंवा स्लो कुकरमध्ये तर शिजवूच नका, तिथे लेक्टिन मरण्याइतकी उष्णता मिळत नाही.

प्रश्न : बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं, ज्वारीच्या पिठाची विरी जाते. दोन्ही खराब झाली म्हणायची का?
— एक वाचक, अहिल्यानगर

बाजरी, हो. तिच्यात तेल भरपूर आणि ते फोडणारं विकरही सोबत, म्हणून दळल्यावर उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतच पीठ कडू होऊ लागतं. आठवड्यापुरतंच दळा किंवा पीठ फ्रीझरमध्ये ठेवा. ज्वारीची नुसती विरी गेली असेल, वास स्वच्छ असेल तर पीठ सुरक्षित आहे : उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, भाकरी तुटणार नाही.

प्रश्न : गावाहून आणलेली चकलीची भाजणी आठ महिन्यांची झाली. इथल्या पाकिटांवर ‘बेस्ट बिफोर’ असतं, घरच्या भाजणीवर काहीच नाही. कसं ठरवू?
— एक वाचक, स्लाव, इंग्लंड

तुमच्याकडे ‘यूज बाय’ सुरक्षिततेसाठी आणि ‘बेस्ट बिफोर’ दर्जासाठी, असा फरक काटेकोर पाळला जातो. ‘बेस्ट बिफोर’ उलटलेला कोरडा माल तिथे विकताही येतो. भाजणीत तांदूळ, डाळी भाजलेल्या असल्याने कीड उशिरा लागते, पण डाळी आणि धन्यांतलं तेल खवट होतच राहतं. वर सांगितलेली गरम पाण्याची परीक्षा घ्या. खवट वास नसेल तर वापरा. नसता, कितीही मोहन घातलं तरी चकली तळताना तो वास दुप्पट येईल. पुढच्या वेळी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या आल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाका. थंड देशात ओट्यावरचं, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा; हिवाळ्यात त्या भिंतीला आतून दव धरतं आणि पिठाच्या डब्याचा तळ ओला होतो.

प्रश्न : बाळाच्या दूध पावडरचा डबा फोडून दोन महिने झाले, पण छापील तारखेला वर्ष आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

टाका. बाळाच्या अन्नात ‘बघून ठरवू’ ही मुभा नाही, तारीख उलटली तर नाहीच. फोडलेला डबा तीन-चार आठवड्यांत संपवायचा, ओला चमचा घालायचा नाही. ही पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळून किंचित निवालेल्या, ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात कालवून, अंगाच्या तापमानाला आणून लगेच पाजावी. उरलेलं ठेवू नये. गरोदर स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण यांच्यासाठीही तारीख उलटलेलं काही वापरू नका.

प्रश्न : बेकिंग पावडर, यीस्ट, आयोडीनयुक्त मीठ आणि गेल्या वर्षीच्या कुरडया, यांचं काय?
— एक वाचक, डोंबिवली

बेकिंग पावडर : एक चमचा पावडर अर्धी वाटी गरम पाण्यात, फसफसून वर आली तर चांगली. सोडा : त्यावर लिंबू पिळून तेच बघा. यीस्ट : कोमट पाण्यात चमचाभर साखरेबरोबर दहा मिनिटांत फेस यायला हवा. जुनी असली तरी या गोष्टी अपाय करत नाहीत, फक्त केक बसका होतो. मीठ खराब होत नाही, आयोडीन मात्र उघड्या, दमट बरणीतून कमी होत जातं. झाकणाच्या बरणीत ठेवा आणि सहा महिन्यांत संपेल एवढंच आणा. कुरडई मोडताना टणकन आवाज यायला हवा. सादळलेली असेल तर कडक उन्हात दोन दिवस वाळवून तळा. पांढरी-करडी लव किंवा काळे ठिपके असतील तर ऊन देऊन उपयोग नाही.

प्रश्न : बुरशी आलेले दाणे, पोखरलेली डाळ आम्ही गाईला किंवा कोंबड्यांना घालतो. त्यांना तर चालतं ना?
— एक वाचक, सातारा

किडलेलं धान्य कोंबड्यांना चालतं, त्या किडेही खातात. बुरशीचं मात्र कुणालाच नको. अफ्लाटॉक्सिनचा शोधच पक्ष्यांमुळे लागला : १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीग्रस्त शेंगदाणा पेंड खाऊन सुमारे १ लाख टर्की मेले. गाईने असे दाणे खाल्ले तर ते विष रूप बदलून दिवसभरात तिच्या दुधात उतरतं आणि दूध उकळून ते जात नाही. म्हणजे जे आपण ताटातून काढलं ते मुलांच्या पेल्यातून परत येतं. म्हणून दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी कडक ठेवली आहे.

बुरशी आलेल्या मालावर आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे पूड उडून श्वासात जाणार नाही. नाकाला रुमाल बांधा, कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या किंवा अंगणात वीतभर खोल पुरा. रिकामा डबा गरम पाणी आणि साबणाने धुवा, झाकणाची रबरी कडी काढून तिची खाच घासा, कारण जाळी आणि अंडी तिथेच राहतात. दिवसभर उन्हात वाळल्यावरच तो पुन्हा भरा, आणि नवं धान्य जुन्यावर ओतू नका.